काळ्या ओठांची वस्ती

एका राज्यात एक राजा होता, आणि त्याचा कुणावरच विश्वास नव्हता. राजाचं नाव महीधर. ताटात वाढलेला भात तो आधी मांजराला घाली. मांजर जगलं तर आचाऱ्याला. आचारी जगला तर मग स्वतः खाई, तोवर भाताचा दगड झालेला असे. झोपताना उशाला तलवार, आणि ती कुणी बोथट केली तर नाही ना, म्हणून तलवारीखाली सुरी. अशा माणसाला सुखाचा घास कुठला मिळायला?

जन्मतः तो असा नव्हता. धाकटा भाऊ शारंगधर त्याच्या फार जिवाभावाचा. एका सणाला भावानं आपल्या हातानं खीर वाढली आणि ताटावरून उठता उठता राजाच्या तोंडाला फेस आला. वैद्यांनी शर्थ केली, राजा वाचला. शिपाई शारंगधरच्या महाली पोचले तेव्हा महाल रिकामा. विष त्यानं घातलं, की आणखी कुणी, की दूधच नासकं होतं, हे कुणालाच कळलं नाही. पळाला म्हणजे पापी, असं अर्धं राज्य म्हणे. पळाला म्हणजे भ्याला, असं उरलेलं अर्धं. राजाला मात्र कुठल्याच कुशीवर झोप येईना.

अशात एक मांत्रिक दरबारी आला. त्याचं नाव कंकाळ. त्याची एक खोड होती, तो नुसते प्रश्नच विचारी.

"राजा, पुन्हा कुणी फसवू नये असं वाटतं ना? तशी वस्तू मिळाली तर घेशील ना?"

"किंमत काय?" राजानं विचारलं.

"आंधळ्या विहिरीतल्या शापित धनाची किंमत आजवर कुणाला सांगता आली आहे?" मांत्रिक म्हणाला, आणि त्यानं झोळीतून डाळिंबाच्या दाण्याएवढा पांढराशुभ्र मणी काढला.

जो राजा विड्याच्या पानाची दहा वेळा उलटतपासणी करी, त्यानं हा मणी बिनबोभाट गळ्यात घातला. संशयी माणसाचं हे असंच असतं. सगळ्या सज्जनांवर संशय घेऊन घेऊन तो दमतो, आणि मग नेमका ठकाच्या मांडीवर डोकं ठेवतो.

मण्याचं नाव साक्षमणी. राज्यात कुठंही कुणी जे सोळा आणे खरं नाही ते बोललं, की मणी क्षणभर काळा पडे आणि बोलणाऱ्याचे ओठ कायमचे काळे पडत. आरंभी राज्याची चंगळ झाली. चोर सापडले, लबाड सापडले, मापात मारणारे सापडले. काळ्या ओठाचा माणूस दिसला की शिपाई त्याला नदीपलीकडे नेऊन सोडत.

मग एके दिवशी एक वाणी गिऱ्हाईकाला म्हणाला, "गूळ संपला, उद्या येईल." त्याचे ओठ काळे पडले. बिचाऱ्यानं गुळाची गाडी सांगून ठेवली होती, पण उद्या गाडी येईलच हे सोळा आणे खरं थोडंच होतं? एका आईनं रडत्या लेकराला सांगितलं, "बाबा आत्ता येतील." तिचे ओठ काळे. भटजींनी नवरानवरीला म्हटलं, "सुखाचा संसार कराल." भटजी नदीपलीकडे. घरातून निघताना 'येतो' म्हणायची आपली रीत. पण परत येणं कुणाच्या हातात असतं? तेव्हा माणसं छातीवर दगड ठेवून 'जातो' म्हणू लागली, आणि घरातली म्हातारी माणसं कानांवर हात ठेवू लागली. हळूहळू राज्यात उद्याचं कुणी बोलेना. वचन नाही, आशीर्वाद नाही, वायदा नाही, लग्न नाही.

आणि ज्याचं कुणी बोलेना ते येईनासं झालं. कळ्या धरल्या त्या उमलेनात. दूध विरजेना. कोंबड्या बसल्या त्या बसूनच राहिल्या, अंडं काही फुटेना. मणी मात्र वाढत होता. डाळिंबाच्या दाण्याचा बोराएवढा झाला, बोराचा आवळ्याएवढा, आणि राजाची मान पुढं झुकली.

राणीचं नाव चंद्रावळ. तिला दिवस गेले, नऊ महिने भरले, वर्ष उलटलं, दुसरं उलटलं, तिसरं चालू झालं. मूल पोटात हलत होतं, पण जन्माला येत नव्हतं. राणीचा देह वाळून काडी झाला, पोट तेवढं उरलं.

राजानं सुईणीला विचारलं. सुईणीचं नाव सगुणा. ती ओठ सांभाळून म्हणाली, "आज मूल हललं, महाराज. पुढचं मी बोलत नाही."

राणी म्हणाली, "महाराज, माझ्यातलं बळ संपत आलं आहे."

राजानं मण्याकडे पाहिलं. मणी पांढराशुभ्र होता. आयुष्यात पहिल्यांदा राजाला वाटलं, कुणीतरी खोटं बोलत असतं तर किती बरं झालं असतं.

त्या सकाळी सज्जाच्या कठड्यावर एक टिटवी येऊन बसली. टिटवी ओरडली की काहीतरी अशुभ घडतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि राजालाही ठाऊक होतं. त्यानं सुरी उचलली.

"राजा, सुरी ठेव," टिटवी म्हणाली. "मी उघड्या माळावर अंडी घालते. ना घरटं, ना आडोसा. तिसरं वर्ष झालं, माझी अंडी फुटत नाहीत. तुझं मूल आणि माझी पिलं तुझ्या गळ्यातल्या मण्यानं धरून ठेवली आहेत."

राजानं मणी पाहिला. पांढरा. त्याच्या हातातली सुरी गळून पडली.

"उपाय?"

"तीन कामं आहेत. काळ्या ओठाच्या माणसाच्या नावेत बसून नदी ओलांड. पलीकडे तुझ्याकडे जे मागतील ते वचन दे. आणि हा मणी जिथून आला त्या आंधळ्या विहिरीत टाक. मग तुझं मूल सुखरूप जन्माला येईल."

शेवटचं वाक्य तिच्या चोचीतून निघालं मात्र, मणी कोळशासारखा काळा झाला. टिटवीच्या लाल चोचीचं टोकही काळं पडलं.

राजा हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. अर्धं खरं सांगून अर्धं खोटं गळी उतरवायचं, ही तर ठकांची जुनी रीत. ही पाखराची जात, तिला तिच्या अंड्यांची पडली आहे. मणी फेकला आणि त्याच्याबरोबर मूलही गेलं, तर ती थोडीच रडायला येणार आहे? असं सगळं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात आतून राणीचं कण्हणं ऐकू आलं. राजानं पायात जोडे घातले.

"मी विश्वास ठेवलेला नाही," तो टिटवीला म्हणाला. मणी पांढरा राहिला. ते तरी सोळा आणे खरं होतं.

नदीवर एकच नाव होती. तिच्या नावाड्याला, गोंदाला, राजानंच हद्दपार केलं होतं. पाऊस पडत असताना एका बाईला तो म्हणाला होता, 'बस आई, पलीकडे पोचवतो.' एवढाच त्याचा गुन्हा. तो आता राही पलीकडे, नाव तेवढी अलीकडे आणी.

राजानं नावेच्या फळ्या वाजवून पाहिल्या. वल्ही वाकवून पाहिली. तळाला बोट घासून ते नाकाशी नेलं.

"महाराज, नाव जुनी आहे," गोंदा म्हणाला. "काल गळत होती. मी डांबर लावलं."

"आज बुडणार नाही ना?"

गोंदानं काळ्या ओठांवरून जीभ फिरवली. "ते बोलायची शिक्षा भोगून झाली आहे, महाराज. पुन्हा बोलतो. पोचवीन."

मणी काळा पडला. राजाचा पाय काठावरच अडकला. माणूस सूड उगवायला टपलेला, नदी फुगलेली, आणि मणी काळा. शहाण्यानं मागं फिरावं. पण मागं फिरून जायचं कुठं, तर त्या कण्हण्याकडे. राजा नावेत बसला, सबंध वेळ एका हातानं काठ धरून आणि दुसऱ्या हातानं तलवार धरून. मध्यावर नावेत पाणी शिरलं. गोंदानं मुकाट्यानं राजाच्या हाती करवंटी दिली, तेव्हा राजाला तलवार खाली ठेवावी लागली. दोघांनी पाणी उपसलं. नाव काठाला लागली.

पलीकडे काळ्या ओठांची वस्ती होती. शेकडो झोपड्या, आणि प्रत्येक दारात काळे ओठ. राजाची नजर सवयीनं चेहरे चाळू लागली.

"यातले चोर कोण, आणि नुसते बोललेले कोण?"

"ते आता आमचं आम्हालाही आठवत नाही," एक म्हातारा म्हणाला, आणि चारचौघं हसली. राजाला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

तेवढ्यात एक बाई वाटेत आडवी उभी राहिली. तिचं नाव चिमाबाई. ती म्हणाली, "नवरा अंथरुणाला खिळला होता. मी म्हणाले, बरे व्हाल. तुझ्या शिपायांनी मला उचलून इथं आणलं. तो बरा झाला की नाही, मला अजून ठाऊक नाही. राजा, वचन दे. परत येताना आम्हाला घरी नेईन, असं बोल."

"मी परत येईन याचीच खात्री नाही, बाई."

"खात्री असती तर वचन कशाला मागितलं असतं?"

 खजिना मागितला असता तर राजानं दिला असता. पण हे म्हणजे आपल्या तोंडाला आपणच काळं लावून घेणं. ज्या ओठांनी शेकडो माणसांना शिक्षा सांगितली, ते ओठ. त्यानं चिमाबाईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कसलीही मखलाशी नव्हती, नुसती वाट पाहणं होतं, आणि तसंच वाट पाहणं त्यानं तीन वर्षं राणीच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

"येईन," राजा म्हणाला. "तुम्हाला घरी नेईन."

ओठांना चटका बसला. बोट लावून पाहिलं तर बोट काळं. आणि गंमत अशी, की आपण खोटं बोललो असं त्याला तसूभरही वाटलं नाही.  मग त्याला फार लाज वाटली, आणि तो खाली मान घालून पुढं निघाला. वस्तीनं वाट दिली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा रान लागलं. रानाच्या मधोमध आंधळी विहीर. तिच्यात डोकावलं तर पाणी नाही, तळ नाही, स्वतःचं तोंडही नाही. विहिरीशेजारी एक खोपटं, आणि खोपट्याच्या दारात, दाढी छातीपर्यंत वाढलेला, शारंगधर.

राजाचा हात तलवारीकडे गेला. म्हणजे हा डाव होता तर. पाखरानं आणि नावाड्यानं मिळून आपल्याला एकट्याला, निर्जन रानात, नेमकं शत्रूच्या दारात आणून सोडलं. त्यानं चारी बाजूंना पाहिलं. झाडांमागं कुणी नव्हतं. शारंगधरच्या हातात काठीही नव्हती. त्याचे ओठ मात्र स्वच्छ होते.

"ओठ काळे कसे नाहीत?" राजानं दरडावून विचारलं.

"रानात आल्यापासून तो एक शब्दही बोललेला नाही," टिटवी झाडावरून म्हणाली. मणी पांढरा राहिला.

म्हणजे स्वच्छ ओठांचाही भरवसा नाही. राजानं कपाळ पुसलं. तोच विहिरीच्या कठड्यावर कंकाळ मांत्रिक येऊन बसला. कुठून आला ते विचारू नका, मांत्रिक असेच येतात.

"राजा, एवढं हातचं रत्न टाकून देणार?" तो मायेनं म्हणाला. "मण्याला उद्याचं कळत नाही, पण कालचं कळतं ना? भाऊ समोर आहे ना? खीर कुणी नासवली, हे एकदा विचारून घ्यायला काय हरकत आहे?"

 खरंच की. एकच प्रश्न. भाऊ हो म्हणू दे, नाही म्हणू दे, मणी निवाडा करील. ज्या एका गोष्टीनं सारं आयुष्य नासवलं ती आत्ता, या घटकेला कळेल. शारंगधरनंही मान हलवली, जणू म्हणत होता, विचार. त्यालाही ते ओझं नकोसं झालं असेल. किंवा त्यानं सुटकेची युक्ती काढली असेल. राजाच्या मनात दोन्ही एकदमच आलं.

"आणि मणी टाकला अन् त्यानं धरून ठेवलेलं मूलही तळाला गेलं तर?" मांत्रिकानं हळूच विचारलं. "हे पाखरू तुझं कोण लागतं?"

राजा टिटवीकडे वळला.  "खरं सांग. मी हा मणी टाकला तर चंद्रावळ वाचेल? मूल वाचेल?"

टिटवीनं काळं पडलेलं चोचीचं टोक फांदीवर घासलं. मग म्हणाली, "मला माहीत नाही, राजा. सकाळी मी मला जे वाटत होतं ते बोलले. मला माझी पिलं हवी आहेत. बाकी मला काही माहीत नाही."

राजानं मणी पाहिला. मणी पांढरा होता, आजवर कधी नव्हता इतका पांढरा.

तेव्हा राजाला कळलं. इतकी वर्षं हा मणी गळ्यात वागवला, त्याच्यापायी मान मोडून घेतली, आणि उद्याविषयी तो एवढंच एक वाक्य कबूल करणार होता. माहीत नाही. ते तर मण्याशिवायही माहीत होतं. ते चिमाबाईला माहीत होतं, गोंदाला माहीत होतं, आणि तरी ती माणसं बोलली होती.

राहिला कालचा प्रश्न. तो जिभेच्या टोकावर येऊन उभा होता. राजानं भावाच्या तोंडाकडे पाहिलं. आज खिरीचं विचारीन, त्याला वाटलं, मग पळालास का ते विचारीन, मग तू मनात काय धरून बसलास ते विचारीन. घरी जाऊन आचाऱ्याला विचारीन, प्रधानाला विचारीन, एक दिवस चंद्रावळीला विचारीन. या विहिरीला तरी कुठं तळ आहे? आणि त्याला एकदम मांत्रिकाचं आठवलं, की या माणसाच्या तोंडून आजवर प्रश्नाशिवाय काही निघालेलं नाही.

"विचारतोस ना?" मांत्रिक म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच कापला.

राजानं मणी गळ्यातून काढला. दोरी दाढीत गुंतली. मणी सुटला तेव्हा राजाच्या तोंडून रडण्यासारखा एक आवाज निघाला, कारण चंद्रावळ त्या मण्याबरोबर जात असेल तर तीही त्याच क्षणी त्याच्या हातून सुटली होती, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं. त्यानं डोळे मिटले नाहीत. मणी खाली गेला. कान देऊन सगळे ऐकत राहिले. तळाला आपटल्याचा आवाज काही आला नाही.

मांत्रिक तोंड उघडून काहीतरी विचारणार होता. पण ऐकणाऱ्याला उत्तर नको असलं की प्रश्नाचा जीव जातो. कंकाळ उन्हात मूठभर राख होऊन पडला आणि ती राख वाऱ्यानं नेली.

शारंगधरचा घसा कित्येक वर्षांनी उघडला. "दादा, आता मी काही सांगितलं तरी ते तुला पटणार कशावरून?"

"कशावरूनच नाही," राजा म्हणाला. "चल घरी."

परतताना वस्तीत गलका उठलेला. सगळ्यांचे ओठ उजळले होते, चोरांचेसुद्धा. आता कोण चोर आणि कोण साव, हे ओळखायला काही साधन उरलं नाही. राजाचा जीव खालीवर झाला, पण दिलेला शब्द दिलेला होता. गोंदाच्या जुन्या नावेनं खेपा घातल्या आणि सगळ्यांना अलीकडे उतरवलं.

राजा राजवाड्यात पोचला तेव्हा राणीच्या दालनाचं दार लावलेलं होतं. आत कळा सुरू झाल्या होत्या. सगुणा पाण्यासाठी बाहेर आली.

"सगुणे, वाचेल ना?"

"सांगता येत नाही, महाराज. वाचवीन म्हणते," ती म्हणाली आणि आत गेली.

राजा उंबऱ्याबाहेर बसला. ना मणी, ना मांजर, ना सुरी. आतून आवाज येई आणि त्याला वाटे गेली. आवाज थांबे आणि त्याला वाटे आता नक्की गेली. युद्धात तो कधी इतका भ्याला नव्हता. पहाट फुटायला लागली तेव्हा मूल रडलं. मग फार वेळ काहीच नाही. मग चंद्रावळीचा आवाज आला, बारीक, चिडका, पाणी मागणारा. राजानं जमिनीवर कपाळ टेकलं.

मुलगी झाली. राज्यात कळ्या उमलल्या, दूध विरजलं, लग्नं लागली, त्यांतली काही पुढं मोडलीही. टिटवीची तीन अंडी फुटली, चौथं फुटलं नाही. तिच्या चोचीचं काळं टोक मात्र तसंच राहिलं. चिमाबाई घरी पोचली तेव्हा नवरा जाऊन वर्ष लोटलं होतं. शेजारणीनं सांगितलं, "ती बरे व्हाल म्हणाली होती, म्हणून शेवटपर्यंत औषध घेत राहिला." चिमाबाई खूप रडली, आणि मग तिनं घर सारवायला घेतलं.

बारशाच्या दिवशी शारंगधरनं पुतणीला मांडीवर घेतलं. ती रडायला लागली, तसा तो तिला थोपटत उठला आणि बाहेरच्या बागेत घेऊन गेला, झाडांच्या पलीकडे, जिथून काही दिसत नाही. तिचं रडणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. राजाचा हात गळ्याकडे गेला. खिरीचं खरंखोटं त्यानं विचारलं नव्हतं, आणि भावानं सांगितलं नव्हतं. पंगत वाट पाहत होती. चंद्रावळीनं त्याच्याकडे पाहिलं.

राजा उठला नाही. त्यानं पुढ्यातल्या ताटात हात घातला आणि पहिला घास घेतला. भात गरम होता.

ज्यांचं कुणी डोळ्याआड गेलं आहे, त्यांचं माणूस हसतखेळत परत येवो. येईल की नाही, ते मला विचारू नका.